सरकारी गाथा

आमच्या संत तुकाराम नगरात सप्ताह बसला की एक वाद हमखास निघतो. कीर्तनात बुवांनी अभंगाचं चरण धरलेलं असतं, मागच्या टाळकऱ्यांतला कुणीतरी एक शब्द वेगळाच म्हणतो आणि दोन-तीन माना वळतात. कीर्तन संपेपर्यंत सगळे दम धरतात. मग पंगतीला बसता बसता प्रश्न येतोच, ‘‘माउली, कुठल्या गाथेत आहे हे? सरकारी, जोग महाराजांची, का देहूची?’’

विण्याचा पहारा करणारे एक काका आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत राहतात. कारखान्यात उभी हयात गेली. रात्री दोन ते चारचा पहारा त्यांचाच, कारण ‘नाइट पाळीची सवय आहे’ म्हणतात. त्यांच्याकडची गाथा सरकारी. पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली, पुढची काही पानं गेलेली. अभंगांची पानं तशी धड आहेत. खरी झिजलीत ती अनुक्रमणिकेची पानं. कोपरे बोटांच्या घामानं तपकिरी झालेत आणि ‘क’ची दोन पानं तर चिकटपट्टीवरच उभी आहेत.

सरकारी नळ, सरकारी दवाखाना आणि सरकारी गाथा. ज्या माणसानं राजाकडून आलेला नजराणा परत पाठवला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, त्याच्या पोथीला हे विशेषण चिकटलं कसं? काकांना विचारलं. म्हणाले, ‘‘सरकारनं छापली म्हणून सरकारी.’’ कुठल्या सरकारनं? ‘‘आपल्या. दुसरं कुठलं?’’

काकांचं चुकत नाही. १९७३ साली महाराष्ट्र शासनानं ही गाथा छापली. त्याआधी १९५० साली, तुकोबांच्या वैकुंठगमनाला तीनशे वर्षं होत होती तेव्हा, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं ती पु. मं. लाडांच्या हातून काढली होती. पण लाडांच्या गाथेच्या पोटात आणखी एक गाथा आहे. ती दोन खंडांची, १८६९ आणि १८७३ सालची, मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातली. तिच्यासाठी २४,००० रुपये मंजूर करणारं सरकार राणीचं होतं.

मी इंग्रजी शिकवतो. साम्राज्य आणि साहित्य यांचा पेपर असतो, त्यात एडवर्ड सईद असतात, आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या कादंबऱ्या असतात. मुलं चाकण-भोसरीहून पीएमटीनं येतात (पीएमपीएमएल म्हणायला अजून कुणाची जीभ वळत नाही), टिपणं उतरवून घेतात आणि साम्राज्य म्हणजे कुठंतरी लांब घडलेली गोष्ट असा चेहरा करून घरी जातात. मीही बरीच वर्षं तसाच होतो. सप्ताहातल्या त्या वादानंतर मात्र २४,००० हा आकडा डोक्यातून जाईना. १८५७ला दहा-बारा वर्षंच झालेली, आणि कंपनी बुडवून गादीवर बसलेलं सरकार एका कुणबी वाण्याच्या अभंगांसाठी एवढी रक्कम का मोजतं?

त्यात दोन माणसं होती. एक गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, पूर्वी साताऱ्यास राहून गेलेले. दुसरे सर अलेक्झांडर ग्रँट. ग्रँट ऑक्सफर्डचे, अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे डायरेक्टर. १८६७ साली त्यांनी लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त तुकारामांवर लेख लिहिला. लेखाच्या नावातच पुढं जोडलेलं होतं, ‘हिंदू धर्माचा एक अभ्यास’. देहूचा एक माणूस, ज्याचं दुकान बुडालं, दुष्काळात बायको गेली, ज्यानं रागावून, रडून, भांडून विठोबाशी बोलणं केलं, तो एका फटक्यात आख्ख्या धर्माचा नमुना झाला. वाण्याकडं मूठभर गहू तळहातावर घेऊन पोत्याची परीक्षा करतात, तसं.

या वाटेनं ग्रँटच्याही आधी मिशनरी गेले होते. स्कॉटिश मिशनचे मरे मिचेल यांनी १८४९ सालीच रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तुकारामांची कथा इंग्रजीत दिली. त्यांना ज्या लोकांत धर्म सांगायचा होता, त्या लोकांच्या ओठावर आधीच काय आहे हे त्यांना कळून घ्यायचं होतं. सरकारची गरज वेगळी, पण फार वेगळी नव्हे. शेतसारा ज्याच्याकडून घ्यायचा तो कुणबी रात्री देवळात काय म्हणतो, हे ठाऊक असलेलं बरं.

काम मात्र गोऱ्यांनी केलं नाही. संपादक होते विष्णु परशुराम शास्त्री पंडित. विधवाविवाहाच्या चळवळीचे हे म्होरके, ‘इंदुप्रकाश’चे संपादक. नुसतं बोलून थांबले नाहीत, १८७४ साली स्वतः विधवेशी लग्न केलं. देखरेख शंकर पांडुरंग पंडितांची. हे वेदांचे पंडित, पुढं सायणभाष्यासह अथर्ववेद संपादणारे. आणि जनार्दन सखाराम गाडगीळांनी प्रारंभी तुकारामांचं चरित्र लिहिलं, तेही इंग्रजीत. मराठी अभंगांच्या पुस्तकाला इंग्रजी चरित्राची ओसरी. शेवटी कठीण शब्दांचा कोश. हा कोश कुणासाठी? काकांना ‘आडचण’ शब्दाला कोश लागत नाही. मराठी परीक्षेला बसणाऱ्या साहेबाला लागतो, आणि कॉलेजात शिकून गावची बोली विसरलेल्या आमच्यासारख्यांना.

पोथ्या आल्या देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथून. नकाशा उघडा. पंढरपूर सोडलं तर बाकी सगळं आजच्या चाकण पट्ट्याच्या अवतीभवती, मोटारसायकलवर एका दिवसात फिरून होईल एवढंच. तुकोबांचे चौदा टाळकरी सांगतात, त्यांतले संताजी जगनाडे चाकणचे तेली, आणि गंगाराम मवाळ कडूसचे. अभंग लिहून घ्यायचं काम या दोघांकडं होतं असं परंपरा मानते. घाण्याचं तेल लागलेल्या हातांनी उतरवलेल्या वह्या आता मुंबईच्या छापखान्यात, संस्कृत ग्रंथ संपादणाऱ्यांच्या मेजावर आल्या.

आणि त्या मेजावर एक नवी रीत होती. ब्यूलर १८६३ साली एल्फिन्स्टनला आले होते, कीलहॉर्न १८६६ साली डेक्कन कॉलेजात, आणि १८६८पासून या दोघांची बॉम्बे संस्कृत सीरीज सुरू झाली होती. हस्तलिखितं गोळा करायची, एकमेकांशी ताडायची, एक पाठ वर ठेवायचा आणि बाकीचे तळटीपेत घालायचे ही ती जर्मन रीत. शंकर पांडुरंग याच मालेत कालिदास संपादत होते. कालिदासाला लावलेली फूटपट्टी तुकोबांना लागली. मला हा मान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. मान एवढ्यासाठी की प्राकृत कवीचा शब्दही शब्दशः जपण्याजोगा आहे, हे पहिल्यांदा सरकारदरबारी मान्य झालं. भीती एवढ्यासाठी की त्या रीतीला एकच खरा पाठ हवा असतो.

कीर्तनकाराकडं पूर्वी असायचं ते बाड. लांबट, अरुंद बाजूनं शिवलेलं, पानं वर उलटायची, हवे तेवढेच अभंग, त्यात मध्येच एखादं पद, एखाद्या उधारीची नोंदही. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोवेत्स्की यांनी नामदेवांवरच्या २००८ सालच्या पुस्तकात या बाडांकडं नीट लक्ष दिलं आहे. कीर्तन आधी, वही त्याच्या मागून, असा तो क्रम. बाडात अभंगाला क्रमांक नव्हता. तो पहिल्या शब्दांनी आठवायचा किंवा प्रसंगानं आठवायचा. १८६९च्या गाथेनं अभंग ओळीनं मांडून आकडे दिले आणि मागं अकारविल्हे सूची लावली. आज सरकारी गाथा ४६०७ अभंगांची म्हणून ओळखली जाते. एवढे म्हणजे एवढेच. शिरगणती करावी तशी अभंगगणती झाली. काकांच्या गाथेतली ती तपकिरी पानं, बोटांनी झिजलेली, ती ही सूची.

इथवर सईद अगदी चपखल बसतात. त्यांचं ‘ओरिएंटालिझम’ १९७८ सालचं. पूर्वेबद्दल पश्चिमेनं जमवलेलं ज्ञान हे राज्य करण्याचंच एक हत्यार होतं, हे त्यांचं म्हणणं. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली त्यात भर घातली: इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात घडला, एतद्देशीयांच्या मनाची मशागत करायला. ग्रँट दोन्ही बाजूंना हजर आहेत. एका हातानं एल्फिन्स्टनमध्ये शेक्सपिअर-मिल्टनच्या अभ्यासक्रमावर देखरेख, दुसऱ्या हातानं तुकारामांना अनुदान. हत्यार म्हणाल तर हेही खरं की त्याच १८६९ साली, या आमच्याच रस्त्यावर, पलीकडं खडकीला सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. संत तुकाराम नगर स्टेशनवर मेट्रोत बसलं तर खडकी चार-सहा स्टेशनं लांब आहे. एका साली काडतुसं आणि अभंग. वर्गात सांगायला फार छान. मी सांगतोही.

पण पुढं गोष्ट हातातून निसटते, आणि ती निसटते ती न्यायमूर्ती रानड्यांच्यापाशी.

रानडे एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून त्यांनी मराठ्यांकडं झुकतं माप देणारा निबंध लिहिला, तेव्हा ग्रँटसाहेब चिडले आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद केली, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. साहेबाची आवडनिवड त्यात स्पष्ट दिसते. पेशवाईचं नाव काढलं की शिष्यवृत्ती बंद, तुकारामांचं काढलं की २४,००० मंजूर. संत हा निरुपद्रवी माल. देवाचं म्हणतो, राज्याचं म्हणत नाही.

रानड्यांनी शिष्यवृत्ती गमावली, पण हिशेब विसरले नाहीत. १९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ आलं, त्यात एक आख्खं प्रकरण संतांवर. शिवाजीराजांचं राज्य काही तलवारीच्या बळावर आभाळातून पडलं नाही, त्याआधी दोन-तीनशे वर्षं संतांनी माणसं जागी केली होती, हा त्यांचा युक्तिवाद. ग्रँटनी निरुपद्रवी म्हणून उचलून धरलेला तुकोबा रानड्यांनी नेमका त्या राज्याच्या पायात नेऊन बसवला, ज्याची स्तुती करायला बंदी होती. गंमत अशी की हे करताना त्यांनी उपमा कुठली घेतली? युरोपातल्या प्रॉटेस्टंट सुधारणेची. मालकाच्या कोठारातलीच फूटपट्टी, माप मात्र आपलं. वसाहतोत्तर सिद्धांतात याला मोठमोठी नावं आहेत. आमच्याकडं त्याला साहेबाच्या दोरीनं साहेबाची विहीर मोजणं म्हणता येईल.

सगळ्यांना हे पटलं नव्हतं. इतिहासकार राजवाड्यांनी ‘संताळे’ असा शब्दच काढला. या टाळकुट्यांनी देश पंगू केला, हे त्यांचं मत. प्रार्थना समाजानं, जो १८६७ साली निघाला, तुकोबांना उपासनेत घेतलं, पण मूर्तीला बाजूला सारून. भांडारकर, रानडे, चंदावरकर अभंग म्हणत ते विठोबाविना. वारकऱ्याला हे कसं वाटलं असेल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

आणि मग १८७३. गाथेचा दुसरा खंड निघाला त्याच वर्षी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. गुलामगिरी हा शब्द वापरून त्यांनी बोट दाखवलं ते इंग्रजाकडं नव्हे. इथं आमच्या अभ्यासक्रमाची गाडी रुळावरून घसरते, कारण वसाहत कुणी कुणाची केली याचं उत्तर जोतीराव १८१८पासून मोजायला तयार नाहीत, त्यांची मोजणी बळीराजापासून चालू होते. इंग्रज त्यांना मधल्यामधे सापडलेली फट वाटते. अर्थात तेही भोळे नव्हते. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ऐषआरामात दंग होऊन कारकुनांच्या हाती कारभार सोडणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना त्यांनी झोडपलंच आहे. पण तुकोबांचं त्यांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. प्रस्तावना लिहिली नाही, कोश केला नाही. अभंगाचा घाट उचलला, त्यात ‘अखंड’ रचले आणि तुकोबांच्या जागी शेवटी आपलं नाव घातलं. अभ्यास करण्याची ही एक रीत झाली, जिला आमच्या पेपरात गुण नाहीत.

फुल्यांच्याच वर्तुळातले तुकाराम तात्या पडवळ, जातिभेदावर १८६१ साली टीकाग्रंथ काढणारे आणि पुढं थिऑसॉफिस्ट झालेले. त्यांनी १८८९ साली स्वतःची गाथा छापली, तिच्यात आठ हजारांच्या वर अभंग. सरकारचे ४६०७, यांचे जवळजवळ दुप्पट. अभ्यासक नाक मुरडतात की यात इतरांचं बरंच मिसळलं आहे. असेल. पण लोक जे तुकोबांचं म्हणून गात होते ते सगळं आत घ्यायचं, हाही एक निकष आहेच. मग आळंदीला १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढणाऱ्या विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा, ती फडावरच्या माणसांसाठी. आणि १९२०च्या आसपास ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या हातच्या म्हणून जपलेल्या वह्यांवरून गाथा काढली. नाव दिलं ‘तुकारामबोवांचा अस्सल गाथा’. त्यातल्या ‘अस्सल’ शब्दाचा रोख ‘सरकारी’कडं आहे असं मला वाटतं. चाकणचा तेली इथं पहिल्यांदा पुस्तकाच्या मध्यभागी आला, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी.

इंग्रजीतली रांग वेगळीच चाललेली. नेल्सन फ्रेझर आणि का. बा. मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत भाषांतर केलं, छापलं मद्रासच्या ख्रिस्ती साहित्य संस्थेनं. निकोल मॅक्निकोल यांनी १९१९ साली निवडक संतकविता काढल्या, नाव ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’. अभंगाचं झालं स्तोत्र, बायबलातलं. पुढं १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात बसून गांधीजींनी काही अभंग इंग्रजीत केले. त्याच सरकारचा तुरुंग, त्याच सरकारची भाषा.

मराठीत सिद्धांत आला तो विद्यापीठांतल्या पेपराच्या आधी, आणि आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनीच आणला. कादंबरीकार नेमाडे इंग्रजी शिकवणारे, काही काळ लंडनला राहून आलेले. त्यांनी देशीवाद मांडला आणि साहित्य अकादमीसाठी तुकारामांवर पुस्तिका लिहिली, तीही इंग्रजीतच. हे सांगताना मी त्यांना चिमटा काढत नाही. मी स्वतः याच पेचात पगार घेतो. भोरचे गणेश देवी यांनी १९९२ साली ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’त म्हटलं की वसाहतीनं आपल्याला आपल्याच भाषांतल्या परंपरेचा विसर पाडला. दिलीप चित्र्यांनी ‘पुन्हा तुकाराम’ मराठीत आणि ‘सेज तुका’ इंग्रजीत केलं. आणि १९९६ साली तुकोबांच्याच, देहूच्या मोऱ्यांच्या वंशातल्या सदानंद मोरे यांचं ‘तुकाराम दर्शन’ आलं. इंग्रजी अमदानीत तुकोबांना कुणी कुणी कुठं कुठं ओढलं, याचा एवढा सविस्तर मागोवा त्याआधी कुणी घेतला नव्हता. आता अभ्यासाची वस्तू अभ्यासकांचा अभ्यास करू लागली होती.

देवींचं विसराचं म्हणणं मला विद्यापीठात बसून पटतं, मांडवात बसून पटत नाही. विसरलो ते आम्ही, शिकलेले. इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड निघाला तेव्हा ग्रँट एडिंबरोला प्राचार्य होऊन गेलेले होते आणि फ्रिअरही मुंबई सोडून गेले होते. ज्यांनी पैसे दिले त्यांना पुस्तक हातात घ्यायला इथं थांबता आलं नाही. जे थांबले त्यांनी तिला लाल फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलं, पारायणाला लावलं, सप्ताहाच्या चौरंगावर मांडलं, आणि चौथ्या पिढीत ‘सरकारी म्हणजे आपल्या सरकारची’ असं खुशाल म्हणू लागले. साम्राज्याचा शिक्का पुसायला कुणी चळवळ केली नाही. तो हाताळून हाताळून गेला, काकांच्या प्रतीच्या पहिल्या पानांसारखा.

आणि इथल्या लोकांच्या मनात गाथेची कल्पनाच मुळी कागदाची नाही. इंद्रायणीच्या डोहात वह्या बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, हे देहूत सांगतात. शेजारच्या गावात सांगतात की संताजींनी लोकांच्या तोंडून ऐकून पुन्हा लिहून काढल्या. दोन्हींतलं खरं कुठलं हे मी विचारत नाही. दुसऱ्या गोष्टीतला तेली मला संपादक म्हणून पंडितांच्या तोलाचा वाटतो, एवढंच. फरक असा की त्याच्याजवळ ताडून पाहायला पोथ्या नव्हत्या, माणसं होती.

परवाच्या सप्ताहात काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. हिरवी पट्टी, वाचायला बंदी. पहाटेच्या पहाऱ्याला मी शेजारी बसलो होतो. बाहेर रस्त्यावरून तिसऱ्या पाळीच्या कंपनीबस जात होत्या. ‘‘मास्तर, जरा काढा हो,’’ म्हणून त्यांनी आकडा सांगितला, पाठ होता. मी गाथा उघडली आणि चरण वाचलं. काकांनी विण्यावर बोट ठेवून तेच चरण म्हटलं. तिसऱ्या शब्दाला अडलो. त्यांचा शब्द निराळा.

‘‘काका, इथं वेगळं छापलंय.’’

‘‘आमच्या दिंडीत असंच म्हणतात. माझ्या चुलत्यानं असंच दिलंय.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘शेजारी बघा, असेल.’’

समासात खरंच शिसपेन्सिलीनं शब्द लिहिलेला होता, फिकट, पुसत आलेला. तसे आणखीही होते, पान उलटलं तसे दिसत गेले.

‘‘पुसला जातोय,’’ मी म्हटलं.

‘‘मग गिरवा की,’’ काका म्हणाले. ‘‘पेनानं नको. पेन्सिल तिथं, बुक्क्याच्या वाटीत आहे.’’